जुन्या सातारा जिल्ह्यातल्या नेत्यांच्या समाध्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडला जाऊन आलो असे सांगितले की लोक विचारतात, "समाधीवर गेला होता का?" कोणाची समाधी, हे सांगावे लागत नाही: यशवंतराव चव्हाणांची. पण कराडच्या पुढे, कृष्णेच्या खालच्या अंगाला आणि येरळा नदीच्या पट्ट्यात अशा किती जागा आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. माझे आजोळ या भागातले. सुट्टीत एसटीने, नाही तर वडापने (माणसे भरून नेणाऱ्या खासगी जीपने) या गावांतून फिरलो आहे आणि नेत्याला अग्नी कुठे दिला, हे प्रत्येक ठिकाणी विचारत आलो आहे. त्या फिरण्यात लोकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे घेतले आहेत.

"जुना सातारा जिल्हा" असे का म्हणता? सातारा आणि सांगली वेगळे आहेत ना?

आज वेगळे आहेत, पण या माणसांच्या तरुणपणी नव्हते. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख दक्षिण साताऱ्याला जोडला गेला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे १९४२ ची चळवळ आणि प्रतिसरकार (इंग्रजांना डावलून गावोगाव चालवलेले समांतर सरकार) झाले तेव्हा वाळवा, तासगाव, कराड, पाटण हे सगळे एकाच जिल्ह्यात होते. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आणि समाधी सातारा जिल्ह्यात आहे. हद्द पुढे आखली गेली. तिच्याप्रमाणे यादी केली तर एकाच चळवळीतली माणसे दोन कागदांवर जातात, म्हणून मी जुनाच जिल्हा धरतो.

हिंदूंमध्ये दहन करतात. मग समाधी कशाची?

जिथे अग्नी दिला त्या जागेची. दहन झाले की तिसऱ्या दिवशी राख सावडतात, रक्षाविसर्जन नदीत होते. अलीकडे बरीच घरे रक्षा शेतात टाकून तिथे झाड लावतात. चितेची जागा मात्र तशीच राहते. त्या जागेवर दगडी चौथरा बांधला, वर तुळशीवृंदावन किंवा नुसती शिळा ठेवली की गाव त्याला समाधी म्हणू लागते. याच भागात लिंगायत, गोसावी, नाथपंथी समाजांत पुरण्याची रीत आहे. त्यांच्या समाधीखाली देह असतो. मुसलमान आणि ख्रिस्ती समाजाची दफनभूमी वेगळी. पण इथे ज्या नेत्यांविषयी लिहिले आहे त्यांच्या बाबतीत समाधी म्हणजे अग्नीची जागा.

जन्मगावचा पुतळा, शाळेला दिलेले नाव, चौकातली पाटी या सगळ्या गोष्टी नंतर लोक ठरवतात आणि दहा ठिकाणी करू शकतात. अग्नी एकाच ठिकाणी दिला जातो. ती जागा कधी त्या माणसाने स्वतः सांगून ठेवलेली असते, कधी घरच्यांनी आणि कार्यकर्त्यांनी एका रात्रीत ठरवलेली असते. त्यामुळे ती जागा का निवडली, हे विचारले की त्या माणसाबद्दल पुष्कळ कळते. मी तरी समाधीवर गेलो की हेच आधी विचारतो.

मग समाधी आणि स्मारक यांत फरक काय? हुतात्मा स्मारक वेगळे का?

स्मारक कुठेही असू शकते. कराडातच दोन्ही आहेत: नदीकाठी यशवंतरावांची समाधी आणि गावात वेणूताई चव्हाण स्मारक, जिथे यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह ठेवला आहे. पहिल्या ठिकाणी लोक चप्पल काढतात, दुसऱ्या ठिकाणी वाचत बसतात.

हुतात्मा स्मारके ही राज्य सरकारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रभर बांधली. साधारण एकाच नमुन्याच्या या इमारती ओळखू येतात. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. तिथले स्मारक जरूर पाहा. ते त्या घटनेचे स्मारक आहे. त्या नऊ जणांना अग्नी कुठे दिला, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्यांच्या त्यांच्या गावात जाऊन विचारावा लागतो.

यशवंतराव चव्हाणांची समाधी नेमकी कुठे आहे?

कराडला, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि कराडला अगदी समोरासमोर येऊन मिळतात. दोन बहिणींनी धावत येऊन गळाभेट घ्यावी तशा त्या भेटतात, आणि मग एकच प्रवाह पूर्वेकडे वळतो. नद्या सहसा एकमेकींना तिरकस मिळतात. अशी समोरासमोरची भेट क्वचित पाहायला मिळते, म्हणून हे नाव. संगमाच्या काठावर बाग आहे आणि बागेलगत समाधी. घाट उतरून कृष्णामाईच्या देवळाकडे जाता येते.

यशवंतरावांचे निधन २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत झाले. राज्याचे पहिले मुख्यमंत्री, १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या युद्धाच्या धामधुमीत बोलावणे आले म्हणून दिल्लीला गेलेले संरक्षणमंत्री, पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधानपद. बावीस वर्षे दिल्लीत काढलेल्या या माणसाला शेवटी कराडला आणले. वेणूताई आदल्याच वर्षी, १ जून १९८३ ला गेल्या होत्या. त्यानंतर ते फार एकटे पडले, हे त्यांच्याजवळचे सगळे सांगत. कराडात त्यांचे 'विरंगुळा' नावाचे घर आहे. ते घर आणि संगम एकाच फेरीत बघा. दिल्लीतला मोठा माणूस सुट्टीला कुठे परतत होता, हे त्या घरात उभे राहिल्यावर जाणवते.

प्रीतिसंगमावर राजकारणी इतके का येतात?

२५ नोव्हेंबर पुण्यतिथी आणि १२ मार्च जयंती, या दोन्ही दिवशी गर्दी असते. पक्ष कोणताही असो, मुख्यमंत्री, मंत्री पुष्पचक्र वाहायला येतात. पण ठरलेल्या दिवसांखेरीजही माणसे इथे येतात आणि मला तेच जास्त बोलके वाटते. १४ एप्रिल २०१३ ला धरणातल्या पाण्याविषयीच्या वक्तव्यावरून राज्यभर संताप उसळला असताना अजित पवार यांनी याच समाधीजवळ दिवसभर बसून आत्मक्लेश उपोषण केले. २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि दुसऱ्याच दिवशी, गुरुपौर्णिमेला, शरद पवार कराडला येऊन समाधीपुढे उभे राहिले. कबुली द्यायची असो किंवा नव्याने सुरुवात करायची असो, मुंबईतल्या पक्षाच्या कचेरीत ते करता येत नाही. त्यासाठी कुठल्या तरी वडीलधाऱ्यापुढे उभे राहावे लागते. या राज्याच्या राजकारणात ती जागा कराडच्या संगमाला मिळाली आहे.

संगमावर थोरांना निरोप द्यायची रीत मात्र यशवंतरावांपासूनची नाही. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. छत्रपती शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात गेले, त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी तिथे दाखवतात. वाळवंटात, पुराच्या गाळात तिथल्या कितीतरी समाध्या बुजल्या. प्रीतिसंगमाला जाणाऱ्याने जमल्यास आधी माहुलीला जावे. नदी, घाट, दगड आणि राज्यकर्ता यांचे नाते कुठून आले ते तिथे दिसते.

वसंतदादा पाटील यांची समाधी गावी, पद्माळ्याला नाही का?

नाही. पद्माळे हे गाव सांगलीपासून जवळ, कृष्णाकाठीच आहे, पण समाधी सांगलीत कृष्णेच्या काठावर आहे. दादा १ मार्च १९८९ ला गेले.

सांगली का, याचे उत्तर १९४३ मध्ये आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावरून निसटले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे साथीदार हुतात्मा झाले आणि दादांना गोळी लागून ते पुन्हा पकडले गेले. पुढे ते मुख्यमंत्री झाले, राजस्थानचे राज्यपाल झाले, सांगलीचा साखर कारखाना उभा केला, हे सगळे खरे. पण ज्या गावात या माणसाने गोळी झेलली, त्याच गावच्या नदीकाठी तो शेवटी आला. समाधीवर गेलात तर पत्रावळे आणि जाधव ही दोन नावे मनात घेऊन जा. ती आठवणारे आता थोडे उरले आहेत.

एक सूचना: जुलै-ऑगस्टमध्ये जायचे असेल तर आधी आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारून घ्या. सांगलीत ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. नदीकाठच्या समाध्या पुरात पाण्याखाली जातात, नंतर गाळ काढावा लागतो. यात कोणाची हलगर्जी नाही. काठावर जागा निवडली तेव्हाच नदीचा तेवढा हक्क मान्य केलेला असतो.

क्रांतिसिंह नाना पाटलांची समाधी येडेमच्छिंद्रला की वाळव्याला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात दोन घोळ आहेत.

पहिला घोळ गावाचा. येडेमच्छिंद्र हे प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांचे गाव, म्हणून लोक तिकडे जातात. पण नाना ६ डिसेंबर १९७६ ला गेले आणि त्यांना अग्नी वाळव्यात दिला. तशी त्यांचीच इच्छा होती.

दुसरा घोळ नावाचा. वाळवा हे तालुक्याचेही नाव आहे आणि गावाचेही. वाळवा तालुक्याची कचेरी इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात आहे. "वाळव्याला जायचे" असे सांगून लोक तिथेच उतरतात आणि समाधी शोधत बसतात. वाळवा गाव तिथून पुढे, कृष्णेच्या काठी आहे.

आता नानांनी वाळवा का सांगितले असेल? १९४३ ते ४६ या काळात कृष्णाकाठच्या गावांत इंग्रजांचे राज्य कागदावर उरले होते. न्यायनिवाडा, गावगुंडांचा बंदोबस्त, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने, वाचनालये हे सगळे प्रतिसरकार चालवत होते. लोकांच्या तोंडी ते "पत्रीसरकार" झाले. त्या काळात नाना भूमिगत होते. आज या गावात, उद्या त्या गावात, कोणाच्या माडीवर, कोणाच्या ऊसात. या गावांनी त्यांना लपवले, भाकरी दिली आणि मार खाऊनही तोंड उघडले नाही. वाळवा त्यांतले एक मोठे ठाणे होते. प्रतिसरकारातल्या नागनाथअण्णा नायकवडींचे ते गाव. ज्या गावाने जिवावर उदार होऊन लपवले त्याच गावाच्या मातीत जायचे, हे मला नानांच्या सगळ्या भाषणांहून मोठे वाटते.

पुढे नाना १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. पण खासदार असलेला हा माणूस अखेरपर्यंत धोतर-सदऱ्यातला आणि फाटक्या खिशाचा राहिला. पुण्यतिथीला जायचे तर लक्षात ठेवा की ६ डिसेंबर हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचाही दिवस आहे आणि राज्यभरच्या गाड्यांना मुंबईकडची गर्दी असते.

साखर कारखान्याच्या आवारात समाधी, हे कसे?

बाहेरून येणाऱ्याला हे नवल वाटते. इथल्या माणसाला वाटत नाही.

वांगी, तालुका कडेगाव. माजी मंत्री पतंगराव कदम ९ मार्च २०१८ ला मुंबईत गेले. त्यांना अग्नी सोनहिरा साखर कारखान्याच्या परिसरात दिला. आज तिथे 'लोकतीर्थ' नावाचे स्मारक आहे आणि ५ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या पुतळ्याचे अनावरण झाले. पतंगरावांचे गाव सोनसळ त्याच तालुक्यातले. १९६४ मध्ये भारती विद्यापीठ पुण्यात सुरू केले, आयुष्याचा मोठा भाग पुण्यात गेला, तरी अग्नी मात्र कारखान्यावर.

पाटण तालुक्यात मरळीजवळ दौलतनगरला बाळासाहेब देसाईंचे स्मारक आहे, तेही कारखान्याच्या परिसरात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मंत्रिमंडळात या भागाचा आवाज बाळासाहेबच होते. २३ एप्रिल १९८३ ला ते गेले. दर वर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात.

जिल्ह्याबाहेरही हे दिसते. परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ कारखान्याच्या परिसरात गोपीनाथ मुंडे यांना ४ जून २०१४ ला अग्नी दिला, तिथला गोपीनाथगड आज सगळ्यांना माहीत आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख २०२१ मध्ये गेले, त्यांचे अंत्यसंस्कार सूतगिरणीच्या आवारात झाले.

याचे कारण जागेची सोय एवढेच नाही. लाखाची गर्दी गावच्या स्मशानात मावत नाही, हे खरे आहे. पण कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसाला कारखाना म्हणजे काय, हे समजून घ्या. गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाड्या, ट्रॅक्टर, बॉयलरचे अग्निप्रदीपन, मोळी पूजन. पोराची फी, पोरीचे लग्न, घराचा स्लॅब, सगळे उसाच्या बिलावर. ज्याने हा कारखाना आणला त्याचे ऋण घरोघरी वाटलेले असते. गावकीच्या स्मशानावर गावाचा हक्क असतो, कारखान्यावर पन्नास-शंभर गावांच्या सभासदांचा. त्या सगळ्यांना आपली वाटेल अशी दुसरी जागाच नसते.

याला दुसरी बाजूही आहे आणि मी ती लपवणार नाही. सहकारी कारखाना सभासदांच्या भागभांडवलावर उभा राहतो. तिथे एका घराची समाधी झाली की पुढच्या पिढीत तो कारखाना त्या घराचाच, असे आपसूक होते. संचालक मंडळाची निवडणूक लढवणारा विरोधी उमेदवारही आधी समाधीला हार घालतो. मला ते योग्य वाटत नाही. श्रद्धा खरी असते, पण मालकी सभासदांची आहे हे समाधीवरच्या पाटीवर कुठेच लिहिलेले नसते, आणि ते लिहायला हवे.

आर. आर. आबांची समाधी?

अंजनी, तालुका तासगाव. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत गेले आणि दुसऱ्या दिवशी गावी अंत्यसंस्कार झाले. त्या जागेला 'निर्मळ स्थळ' म्हणतात. ग्रामविकासमंत्री असताना २००० मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावोगाव लोकांनी हातात खराटे घेतले, उकिरडे हलले, हागणदारीच्या वाटा बंद झाल्या. त्या माणसाच्या जागेला हे नाव शोभते. पुढे गृहमंत्री, उपमुख्यमंत्री झाले तरी आबांचे घर अंजनीतच राहिले, म्हणून नदी, कारखाना, शहर असा काही विचार करायची वेळच आली नाही. आबा गावचे होते, गावी आले.

तासगावच्या बाजूने जाताना "आर. आर. पाटील" म्हणून विचारलेत तरी सांगतील, पण "आबांच्या इथे जायचंय" म्हणा. माणसे गाडीपर्यंत चालत येऊन रस्ता दाखवतात. हे सगळीकडेच आहे. सांगलीत दादा, कराडात साहेब, वाळव्यात क्रांतिसिंह.

स्त्रियांच्या समाध्या का दिसत नाहीत?

कारण त्या फारशा बांधल्याच गेल्या नाहीत. हे सांगताना मला वाईट वाटते. माहुलीला महाराणी ताराबाई आणि येसूबाई यांच्या समाध्या आहेत. दोघींनी राज्याचा भार वाहिला, पण त्यांच्या समाध्यांकडे कितीतरी पिढ्या कोणाचे लक्ष नव्हते. अलीकडच्या काळातल्या बायकांचे तर विचारूच नका. प्रेमलाकाकी चव्हाण कराडमधून पुन्हा पुन्हा लोकसभेवर निवडून गेल्या. क्रांतिसिंहांची मुलगी हौसाबाई पाटील प्रतिसरकारच्या काळात शस्त्रे आणि निरोप पोचवत होत्या, २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर २०१७ मध्ये गेल्या, पत्रीसरकारात काम केलेल्या बायकांमधल्या शेवटच्या काहींपैकी एक. यांच्यासाठी कोणी एसटीतून उतरून "समाधी कुठे?" असे विचारत नाही. विचारायला लागले की गाव आपोआप जागा दाखवू लागते, एवढे मी पाहिले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यादीत का नाहीत?

ते पुढारी नव्हते, त्यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांची समाधी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या आवारात आहे आणि या भागातले कितीतरी आमदार-खासदार रयतेच्या वसतिगृहांत वाढले, म्हणून तिथे जायलाच हवे. पण यादीचा विषय वेगळा.

एका दिवसात किती ठिकाणे होतात?

स्वतःची गाडी असेल तर सकाळी माहुली, मग महामार्गाने कराड, दुपारी देवराष्ट्रे आणि वांगी, संध्याकाळी अंजनी किंवा सांगली. देवराष्ट्रे आणि वांगी एकाच कडेगाव तालुक्यात आहेत. देवराष्ट्र्यात यशवंतरावांचे जन्मघर जपलेले आहे आणि शेजारी सागरेश्वरचे अभयारण्य. मात्र मी घाईची फेरी करायला सांगणार नाही. वाळव्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा, कारण तिथे समाधीपेक्षा माणसांशी बोलण्यात वेळ जातो.

एसटीने जाणाऱ्याने कराड हे ठाणे करावे. कराडचे रेल्वे स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीला आहे, तिथून रिक्षा लागते. आतल्या गावांना वडाप मिळते, पण संध्याकाळी सहानंतर ते कमी होते. पुण्यतिथीच्या दिवशी गाड्यांचे ताफे, पोलीस बंदोबस्त आणि भाषणे. शांतपणे बसायचे असेल तर साधा वार निवडा.

तिथे काय न्यावे, काय पाळावे?

चप्पल बाहेर काढा. पाण्याची बाटली, प्लास्टिकची फुले, कागदात गुंडाळलेला हार तिथे टाकून येऊ नका. नारळ फोडायचा असेल तर बाजूला फोडा. बहुतेक ठिकाणी फोटो काढायला कोणी अडवत नाही, पण कारखान्याच्या आवारात गेटवर नाव सांगून आत जा. हंगामात तिथे उसाच्या गाड्यांची वर्दळ असते, लहान मुलांना हाताशी धरा.

एखाद्या नेत्याला अग्नी कुठे दिला, हे खात्रीने कसे शोधायचे?

पहिली चूक लोक ही करतात की मृत्यूच्या नोंदीवरून जागा ठरवतात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. नेता मुंबईच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला तिथल्या महापालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीत त्याचा मागमूस नसतो. तेव्हा दाखला बघा तारखेसाठी, जागेसाठी नाही.

जागेसाठी अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र बघा. जिल्हा आवृत्तीत अंत्ययात्रेचा रस्ता, कुठे गाडी थांबली, कोणी अग्नी दिला, सगळे छापलेले असते. जिल्हा ग्रंथालयांत जुन्या फायली मिळतात. त्यानंतर गावात जा. सरपंचाकडे नंतर जा, आधी स्मशानाजवळच्या वस्तीवर विचारा. ज्यांनी लाकडे वाहिली, ज्यांनी जागा सारवली, ज्यांनी रात्रभर जागून चौथऱ्याचे दगड लावले, ती माणसे तिथे भेटतात.

आमच्या गावातल्या पुढाऱ्याची समाधी कोणालाच माहीत नाही. काय करू?

गावात एखादा जुना आमदार, जिल्हा लोकल बोर्डाचा सभासद, प्रतिसरकारातला कार्यकर्ता असतोच. त्याची जागा बहुधा शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या कडेला असते. चौथरा असेल तर दगडावरची अक्षरे उजेड तिरका असताना, सकाळी किंवा संध्याकाळी वाचा. मध्यान्हीला ती दिसत नाहीत. अक्षरांवर चुना, रंग किंवा तेल लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. तारीख शक किंवा तिथीत असेल तर तशीच उतरवून घ्या, तिथेच उभ्या उभ्या इंग्रजी तारीख काढायच्या फंदात पडू नका. गट नंबर विचारा, कारण जमीन विकली गेली की नवा मालक चौथरा नांगरून टाकतो आणि मग जागा सांगायला सातबाऱ्याशिवाय काही उरत नाही.

आणि चौथराच नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन शेतावर जा. फोनवर विचारू नका. जागेवर गेल्यावर पाय बरोबर त्या ठिकाणी थांबतात. मी वाळव्याच्या अलीकडच्या एका गावात एका आजीबाईंना असे घेऊन गेलो होतो. ऐंशीच्या पुढचे वय. बांधावरून चालत जाऊन त्या एका बाभळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हितं. तवा ही बाभळ नव्हती."